कोसीला काहीच आठवत नाही

पावसाळ्यात कुठे मोठा पूर आला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो : नदीला स्मृती असते, शंभर वर्षांनीही ती आपली जागा परत घेते. दाखला बहुतेक वेळा बिहारच्या कोसीचा. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे तिच्या पूर्व काठालगतचा पूररोधक बांध फुटला आणि पाणी जुन्या वाटेने सुपौल, मधेपुऱ्याकडे धावलं. बिहारमध्ये तीस लाखांहून जास्त लोकांना फटका बसला. कोणी म्हणालं कोसीमैया कोपली, कोणी म्हणालं तिला माहेर आठवलं.

त्या दिवशी नदीत पाणी होतं सुमारे 1 लाख 44 हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट). बांध घातले होते साडेनऊ लाखांच्या हिशेबाने! देखभालीची हेळसांड झाली हे खरंच. पण भगदाड पडल्यावर जवळजवळ सगळी नदीच तिकडे का वळली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गाळाकडे बघावं लागतं.

वाहतं पाणी तळाला किती जोराने ओढतं, हे मुख्यतः खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर ठरतं. दोन मीटर खोल पाणी आणि किलोमीटरमागे अर्धा मीटर उतार धरला, तर तळाच्या दर चौरस मीटरवर साधारण 10 न्यूटन ओढ येते. एवढ्या ओढीत 13 मिलिमीटरच्या आसपासचा खडा जेमतेम हलतो. उतार निम्मा झाला की हलू शकणारा खडाही निम्मा. कोसी नेपाळमधल्या चतराच्या घळीतून सपाटीवर उतरते तिथे नेमकं हेच होतं : आधी गोटे बसतात, मग खडे, मग वाळू. खरी गंमत पुढे आहे. बसलेल्या गाळाचं बेट झालं की पाणी दोन्ही अंगांनी फाकतं, पात्र रुंदावतं. रुंदावलं की खोली घटते, खोली घटली की ओढ घटते, म्हणजे आणखी गाळ बसतो. एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःलाच रेटत राहतं.

तळ असा वर येत गेला की एक वेळ अशी येते, की नदीला पुढे जाण्यापेक्षा बाजूला उतरणं जास्त उताराचं पडतं. मग काठ कुठेही फुटला तरी पाणी तिकडेच जाणार. जुनं पात्र सखल असतं, म्हणून ते सापडतं. आठवणीचा इथे संबंध नाही. जुन्या नकाशांवरून दिसतं की अडीचशे वर्षांत कोसी अशीच 100 किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकली. पूर्वी गाळ रुंद मैदानावर पसरायचा. 1950च्या दशकात बांध घालायला सुरुवात झाली आणि तोच गाळ दोन बांधांच्या मधल्या पट्ट्यात साचू लागला. पट्टा आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच झाला. कुसह्याला नदी बांधावरून उसळली नाही, तो पोखरून खाली उतरली.

आपल्या कृष्णा-भीमेकडे पाहून हे पटणार नाही. त्या बऱ्याच ठिकाणी बेसॉल्टमध्ये घट्ट बसलेल्या आहेत. पाणी चढतं-उतरतं, पात्र सहसा हलत नाही.

'गाळ उपसून टाकू' ही घोषणा निवडणुकीत छान वाजते. कोसी वर्षाला सुमारे 10 कोटी टन गाळ आणते. दहा टनांचा ट्रक धरला तर रोज 27 हजारांहून जास्त खेपा, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तितक्याच. तो टाकायचा कुठे, हे घोषणेत नसतं.

2009 मध्ये भगदाड बुजवून नदी पुन्हा बांधांच्या मध्ये आणली, म्हणजे त्याच उंच पट्ट्यावर. सप्टेंबर 2024 मध्ये वीरपूरच्या बराजमधून, म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्यातून, 6 लाख 61 हजार क्युसेक पाणी सोडावं लागलं. या वेळी बांध फुटला तो पश्चिमेचा, दरभंगा जिल्ह्यात.