चीनमधल्या नव्या प्रजाती: नमुना कुणाकडे, नाव कुणाचं

युनानमधल्या गुहेतला बिनडोळ्यांचा मासा, ग्वांग्शीच्या चुनखडीच्या डोंगरातली पाल, तिबेटच्या जंगलातलं माकड. चीनमध्ये नवी प्रजाती सापडल्याची बातमी आता काही नवलाची राहिलेली नाही. बातमीत प्राण्याचा फोटो असतो, शास्त्रज्ञांची नावं असतात. तो प्राणी नेमका कशाच्या तुलनेत नवा, हे मात्र सहसा नसतं. नियम असा की वर्णन छापायचं, त्याला आधार म्हणून एक मूळ नमुना नेमून द्यायचा, ज्याला होलोटाइप म्हणतात, आणि जवळच्या ज्ञात प्रजातींपासूनचा फरक दाखवून द्यायचा. त्यासाठी जुने नमुने हाताशी लागतात. चिनी प्राण्यांच्या बाबतीत त्यांतले बहुतेक कित्येक दशकं चीनमध्ये नव्हतेच. ते पॅरिसला, लंडनला, पुढे वॉशिंग्टनला होते.

दुसऱ्या अफू युद्धानंतरच्या तहांनी परदेशी मिशनऱ्यांना चीनच्या अंतर्भागात हिंडण्याची मुभा मिळाली. आर्मां डेव्हिड हा फ्रेंच पाद्री १८६२ मध्ये बीजिंगला पोचला. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला त्याच्याकडून नमुने हवे होते, आणि त्यालाही देवळापेक्षा डोंगर जास्त प्रिय असावेत. १८६५ मध्ये बीजिंगच्या दक्षिणेला बादशहाच्या शिकारीच्या राखीव रानाच्या भिंतीवरून डोकावताना त्याला हरणांचा कळप दिसला. पहारेकऱ्यांशी संधान बांधून त्याने कातडी मिळवली आणि पॅरिसला धाडली. १८६६ मध्ये तिथल्या आल्फाँस मिल्न-एडवर्ड्स यांनी त्या हरणाला डेव्हिडचं नाव दिलं. चिनी लोक त्याला मिलू म्हणत, राजघराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या राखलं होतं, पण शास्त्राच्या दप्तरी ते नवं ठरलं. १८९५ च्या सुमारास पुराने ती भिंत फोडली, १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत उरलेली हरणं सैनिकांच्या पोटात गेली आणि चीनमधून मिलू संपलं. इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डने युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतून गोळा केलेली मोजकी हरणं होती म्हणून वंश टिकला. १९८५ मध्ये त्यांचीच पिल्लावळ बीजिंगला परतली.

पांडाची गोष्ट याहून प्रसिद्ध, पण तिचा तपशील फारसा सांगितला जात नाही. ११ मार्च १८६९ ला सिचुआनच्या बाओशिंग भागात, ली आडनावाच्या जमीनदाराकडे चहापाण्याला गेलेल्या डेव्हिडला तिथे एका काळ्यापांढऱ्या अस्वलाचं कातडं दिसलं. २३ मार्चला शिकाऱ्यांनी त्याला तसलंच एक पिल्लू आणून दिलं. ते जिवंत धरलं होतं, पण आणायला सोपं जावं म्हणून मारून टाकलं आणि पाद्र्याला चढ्या भावात विकलं. डेव्हिडने अस्वल समजून नाव ठेवलं. पॅरिसमध्ये मिल्न-एडवर्ड्स यांनी हाडं आणि दात तपासून १८७० मध्ये त्याला अस्वलांच्या गटातून बाहेर काढलं. हा वाद शंभरावर वर्षं चालला आणि डीएनएने शेवटी पाद्र्याच्या बाजूने कौल दिला.

अशी माणसं बरीच होती. कलकत्त्यात जन्मलेला रॉबर्ट स्विन्हो ब्रिटिश वकिलातीत नोकरी करता करता तैवान आणि दक्षिण चीनमधल्या पक्ष्यांना नावं देत गेला. शांघायजवळ झिकावेईला जेझुइट पाद्री पिएर ह्यूद यांनी १८६८ मध्ये संग्रहालय काढलं आणि कवटी-दातांतल्या बारीकसारीक फरकांवरून एकाच सिका हरणाच्या कित्येक प्रजाती पाडल्या. त्यांतली बहुतेक नावं आज रद्दीत आहेत. यांग्त्सेतल्या डॉल्फिनचं, म्हणजे बाइजीचं, शास्त्रीय वर्णन अमेरिकेतून १९१८ मध्ये आलं, तेही दोंगतिंग सरोवरात एका अमेरिकन पोराने गोळी घालून मारलेल्या एका डॉल्फिनवरून. २००६ च्या शोधमोहिमेत एकही बाइजी दिसला नाही.

चिनी प्राणिशास्त्रज्ञांची पहिली पिढी या पार्श्वभूमीवर उभी राहिली. कॉर्नेल विद्यापीठातून १९१८ मध्ये डॉक्टरेट घेतलेले बिंग झी परतले आणि १९२२ मध्ये नानजिंगला 'सायन्स सोसायटी ऑफ चायना'ची जीवशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली. १९२८ मध्ये बीजिंगला फान स्मारक जीवशास्त्र संस्था निघाली. या लोकांची अडचण सरळ होती. आपल्याच डोंगरातला पक्षी नवा आहे का हे ठरवायला आगबोटीने युरोप गाठावा लागे. ग्वांग्शीच्या याओ डोंगरातल्या सोनेरी कपाळाच्या छोट्या पक्ष्याला रेन ग्वोरोंग यांनी १९३२ मध्ये नाव दिलं, तेव्हा एका चिनी माणसाने चिनी पक्ष्याचं स्वतंत्र प्रजाती म्हणून केलेलं वर्णन ही दुर्मीळ गोष्ट होती. मग जपानी आक्रमण झालं, संस्था पश्चिमेकडे पांगल्या.

त्या पांगापांगीतूनच एक उत्तम काम उभं राहिलं. बेडकांचे अभ्यासक ल्यू चेंगझाओ युद्धकाळात चेंगदूला आले आणि आसपासचे डोंगर पालथे घालू लागले. एमेई पर्वतावर त्यांना सापडलेला भेक आजही कुणालाही दाखवावा असा आहे. एरवी तो साधाच दिसतो. विणीच्या हंगामात मात्र नराच्या वरच्या ओठावर काळे, टोकदार, शिंगासारख्या पदार्थाचे दहा ते सोळा काटे उगवतात. त्यांनी नर एकमेकांना भोसकतात. ओढ्यातल्या दगडाच्या खालच्या बाजूला मादी अंडी चिकटवते, नर राखण करतो आणि हंगाम संपला की काटे गळून पडतात. म्हणजे चुकीच्या महिन्यात गेलात तर हा मिशाळ प्राणी ओळखूच यायचा नाही. १९४५ मध्ये ल्यूंनी त्याला आपल्या अमेरिकन शिक्षिका अ‍ॅलिस बोरिंग यांचं नाव दिलं. आपल्याकडच्या प्राण्याला परदेशी माणसाचं नाव, पण यावेळी देणारा घरचा होता.

क्रांतीनंतर विज्ञान अकादमीच्या संस्था वाढल्या, चेंगदू आणि कुनमिंगला स्वतंत्र केंद्रं झाली. मात्र प्राण्यांबद्दलचं सरकारी धोरण अभ्यासकांना विचारून ठरत नव्हतं. १९५८ च्या 'चार उपद्रवी जीव' मारण्याच्या मोहिमेत चिमण्याही शत्रूंच्या यादीत गेल्या. पक्षिशास्त्रज्ञ झेंग झोशिन यांनी चिमण्यांची पोटं फाडून त्या किडेही खातात हे दाखवून दिलं; १९६० मध्ये यादीतून चिमणी वगळली आणि तिच्या जागी ढेकूण आला. देशातल्या सगळ्या प्राण्यांची ग्रंथमालिका काढायला १९६२ मध्ये समिती नेमली, पण मध्ये सांस्कृतिक क्रांती आली आणि पहिला खंड निघायला १९७८ उजाडलं. या दशकात किती नमुने धूळ खात पडले याचा विचार न केलेलाच बरा.

नंतरच्या शोधांचा ढंग निराळा आहे. जिथे पूर्वी कातडी आणि कवटी पुरत असे, तिथे आवाज आणि डीएनए आले. सिचुआनमधला एक झुडपी वटवट्या १९९२ मध्ये त्याच्या गाण्यावरून लक्षात आला: खालच्या पट्टीतला लांब घर्र आवाज, मागोमाग छोटीशी टिक, आणि हे पुन्हा पुन्हा. दिसायला तो शेजारच्या प्रजातीसारखाच, आणि चहाच्या मळ्यांजवळ चांगला विपुल. २०१५ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि नाव दिलं झेंग झोशिन यांचं. याच पद्धतीच्या दुसऱ्या शोधाशी मुंबईचा थेट संबंध आहे. अरुणाचलच्या डोंगरात २००९ मध्ये स्वीडनचे पक्षिशास्त्रज्ञ पेर आल्स्ट्रम आणि भारताचे शशांक दळवी यांना एकाच समजल्या जाणाऱ्या कस्तुराची दोन वेगळी गाणी ऐकू आली, उंच खडकाळ भागातलं एक आणि खालच्या जंगलातलं एक. मग जुन्या कातड्यांची मोजमापं आणि डीएनए तपासले गेले. २०१६ मध्ये स्वीडिश, चिनी, भारतीय अशा मिश्र गटाने जंगलातल्या पक्ष्याला सलीम अलींचं नाव दिलं. तो पूर्व हिमालयापासून युनानच्या वायव्य टोकापर्यंत आहे; सीमारेषेशी त्याला देणंघेणं नाही.

२०१५ मध्ये आग्नेय तिबेटमधल्या मेदोगच्या पांढऱ्या गालांच्या माकडाने तर होलोटाइपचा प्रश्नच ऐरणीवर आणला. स्वयंचलित कॅमेऱ्यांत आणि हातातल्या कॅमेऱ्यांत आलेल्या छायाचित्रांवरून त्याचं वर्णन झालं, एकही माकड न मारता. अरुणाचलच्या मुंझाला माकडाचं वर्णन भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये असंच केलं होतं. फोटो म्हणजे नमुना का, यावर संग्रहालयवाले अजून नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं अगदी फोल नाही, कारण फोटोचा दात मोजता येत नाही. तरी दुर्मीळ माकड मारून त्याला दुर्मीळ म्हणून नाव देणं आज कुणाच्या गळी उतरेल असं वाटत नाही. मेदोगचं माकड पुढे अरुणाचलच्या अंजाव जिल्ह्यातही कॅमेऱ्यात आलं.

जुन्या कपाटांची गरज मात्र संपलेली नाही, हे महाकाय सॅलॅमँडरने, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या पाण्यातल्या उभयचराने, दाखवलं. डेव्हिडच्याच नमुन्यांवरून १८७१ मध्ये त्याला नाव मिळालं आणि दीडशे वर्षं सगळ्या चीनमध्ये ही एकच प्रजाती मानली गेली. मांसासाठी त्याची शेती वाढली, एका खोऱ्यातले दुसऱ्या खोऱ्यात गेले, वर संवर्धनाच्या नावाखाली शेतातली पिल्लं नद्यांत सोडली गेली. २०१८ मध्ये डीएनएने सांगितलं की ही किमान पाच वेगळी घराणी आहेत. त्याच सुमारास ९७ ठिकाणी शोध घेतला तर फक्त चार ठिकाणी प्राणी मिळाले, तेही बहुधा सोडलेलेच. २०१९ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए वाचून दक्षिण चीनमधली एक प्रजाती वेगळी केली. तिचं नाव १९२४ मध्येच लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका प्राण्यावरून दिलं होतं आणि मग विसरलं गेलं होतं. २०२२ मध्ये जियांग्शीतल्या एका अभयारण्यात शुद्ध वंशाचे जंगली सॅलॅमँडर मिळाले आणि तीही नवी प्रजाती ठरली. म्हणजे इथे नाव नसल्याचा फटका थेट प्राण्याला बसला: सगळे एकच म्हटल्यावर मिसळायला हरकत कुणाची?

उलटंही घडतं. ग्वांग्शीतल्या गुहांजवळ राहणाऱ्या, लाल डोळ्यांच्या आणि पट्टेदार अंगाच्या एका पालीचं वर्णन १९९९ मध्ये झालं, ठिकाणासकट. हौशी लोकांसाठी पाळीव प्राणी विकणाऱ्यांनी तो लेख वाचला आणि त्या ठिकाणच्या पाली काही वर्षांत उचलून संपवल्या. परदेशी बाजारात एकेकीला दीड-दोन हजार डॉलर येत होते. म्हणून २०१५ मध्ये त्याच गटातल्या दोन नव्या पालींचं वर्णन छापताना लेखकांनी ठिकाणाचा रकाना मुद्दाम मोकळा ठेवला. प्रजातीचं वर्णन करताना तिचं मूळ ठिकाण सांगणं ही या शास्त्रातली जुनी शिस्त. ती मोडताना त्यांनी कारणही तिथेच लिहिलं, आणि ठिकाण सरकारी अधिकाऱ्यांना आणि मागणाऱ्या संशोधकांनाच कळवायचं ठरवलं.