टोचन व्यवसाय, कोकणातील

टोचन व्यवसाय, कोकणातील : बंद पडलेली, उलटलेली, दरीत गेलेली किंवा वाळू-चिखलात रुतलेली वाहने क्रेन, विंच (तारेचा दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) अथवा साखळीच्या साहाय्याने बाहेर काढून गॅरेजपर्यंत पोचविण्याचा व्यवसाय. तो करणारा कोकणात ‘क्रेनवाला’ म्हणूनच ओळखला जातो. मग त्याच्याकडे खरोखरची क्रेन असो, वा मागे विंच बसविलेला जुना ट्रक. शहरांत नो-पार्किंगमधील वाहने उचलून नेणारी गाडी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा विचार या नोंदीत केलेला नाही.

उगम : मोटारीवरच उचल-यंत्र बसविण्याच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथील गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स यांना दिले जाते. एका परिचिताची मोटार ओढ्यात कोसळली. ती दोर, कप्प्या आणि माणसांच्या बळावर काढताना जवळजवळ अख्खा दिवस गेला. त्यानंतर १९१६ च्या सुमारास होम्स यांनी १९१३ च्या कॅडिलॅक मोटारीवर खांब, कप्पी व साखळी बसवून पहिली टोचन गाडी तयार केली, अशी ही हकिगत आहे. ओढ्याकाठी किती माणसे राबली आणि किती तास गेले, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. हकिगत ज्या गोळीबंद स्वरूपात आज मिळते, ते पाहता तिच्यावर नंतरच्या जाहिरातीचा हात फिरला असण्याची शक्यता आहे. जनावरे जुंपून मोटार ओढून नेण्याचा प्रघात त्याआधीही होता आणि आगगाडीच्या डब्यांसाठी वाफेवर चालणारी क्रेन तर एकोणिसाव्या शतकातच वापरात आली होती. तेव्हा होम्स यांना ‘टोचनाचे जनक’ म्हणण्यापेक्षा ‘मोटारीवरील उचल-यंत्राचा धंदा उभारणारे पहिले कारखानदार’ म्हणणे अधिक सयुक्तिक ठरावे. त्यांच्या कंपनीची यंत्रे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या ट्रकांवर होती. या व्यवसायाचे संग्रहालयही चॅटनूगा येथेच आहे.

भारतात युद्धानंतर लिलावात निघालेले ‘डिस्पोजल’चे लष्करी ट्रक गॅरेजवाल्यांनी घेतले, त्यांवर लोखंडी तुळयांची तिकाटणी उभारली आणि चेन-पुली टांगली. गावठी क्रेनचा आराखडा बहुधा येथूनच आला असावा. पुढे ट्रक बदलले. तिकाटणी मात्र राहिली. कोकणात एस.टी.च्या आगारांची स्वतःची ब्रेकडाउन गाडी असे आणि आडवाटेला बंद पडलेल्या खाजगी मोटारीला कैकदा तिचाच आधार मिळे. किनाऱ्यावर होड्या ओढून काढण्याचे कसब पूर्वापार आहेच. त्याचा या व्यवसायाशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण दोन्हींतील अवजारे व माणसे वेगळी असल्याने तो जोडू नये हे बरे.

क्षेत्र : पनवेलहून निघणारा मुंबई–गोवा महामार्ग (२०१० च्या पुनर्क्रमांकनापूर्वी क्र. १७, आता क्र. ६६) हा या व्यवसायाचा कणा. वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, सावंतवाडी अशा नाक्यांवर क्रेनवाले असतात. महामार्गावरील कशेडी, भोस्ते व परशुराम हे घाट, तसेच देशावर चढणारे वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा व आंबोली हे घाट म्हणजे त्यांचे खरे कार्यक्षेत्र. कशेडीचा बोगदा वापरात आल्यापासून जुन्या घाटातील वर्दळ घटली आणि तेथल्या कामाचे स्वरूपही बदलले.

साधने : सर्वांत जास्त वापर ‘हायड्रा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, उचलून तसेच चालू लागणाऱ्या क्रेनचा होतो. मूळ नाव एका कंपनीच्या यंत्राचे. आता कोणत्याही कंपनीच्या यंत्राला तेच लागते. साधारण १२ ते १५ टनांची हायड्रा गावोगावी मिळते, कारण एरवी ती बांधकामावर असते. मात्र तिची क्षमता बूम (क्रेनचा लांब-आखूड होणारा हात) आखडलेला असतानाची असते. बूम लांब काढला की ती झपाट्याने घटते आणि दरीच्या कडेला तर बूम लांब काढावाच लागतो. म्हणून दरीतले काम उचलण्याचे नसते, ओढण्याचे असते, आणि तेथे विंचला पर्याय नाही.

ओढण्याचे तंत्र : चांगल्या डांबरी रस्त्यावर वाहन ओढायला त्याच्या वजनाच्या एक-दोन टक्के जोर पुरतो. दहास एक चढ असेल, तर १६ टनांच्या ट्रकला चढापोटीच आणखी सुमारे १.६ टन लागतात. तोच ट्रक आसापर्यंत चिखलात बसला, तर लागणारा जोर जवळपास त्याच्या वजनाइतका होऊ शकतो. विंचची ताकद येथे अपुरी पडते, म्हणून कप्पी घालतात. ओढायच्या वाहनाला कप्पी अडकवून दोर परत क्रेनकडे आणला की ओढ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि दोर दुप्पट लागतो.

कप्पी झाडाला बांधून दोराची दिशा वळवायची असेल, तर हिशेब निराळा. दोर काटकोनात वळला, तर झाडावर दोराच्या ताणाच्या सुमारे १.४ पट भार येतो; पूर्ण मागे वळला, तर दुप्पट. विंचवर पाच टन दाखवीत असताना बांधावरचा फणस दहा टन सोशीत असतो. पावसाळ्यात जांभ्यावरचा मातीचा थर भिजून सैल झालेला असतो आणि झाडाची मुळे खडकावर पसरट गेलेली असतात. असे झाड सावकाश कलते, आणि ते कलते आहे हे दोराकडे नजर लावून बसलेल्याच्या लक्षात येत नाही. म्हणून जाणता क्रेनवाला एक माणूस झाडाशी उभा करतो. तोही दोराच्या रेषेत नव्हे, बाजूला. झाडाभोवती तारेचा दोर कधी गुंडाळत नाहीत, रुंद पट्टा घालतात. तारेने साल कापली जाते, आणि ते झाड हापूसचे असले, तर वाहनमालकाच्या आधी बागवालाच हजर होतो.

ताणलेला तारदोर तुटला, तर जीवघेण्या वेगाने मागे उसळतो. त्यावर मध्यावर भिजलेले पोते टाकण्याची रीत आहे. त्याच्या वजनाने उसळी काही अंशी खाली बसते. खाऱ्या हवेत हा दोर बाहेरून ठीक दिसतो, पण आतल्या पेडांत गंज धरतो. ग्रीस लावणे हे रोजचे काम. तपासणीसाठी जाड फडके हातात धरून ते दोरावरून फिरवितात. फडके जिथे अडकते, तिथे एखादी तार तुटून वर आलेली असते. अशा तारा फारशा लांबीत न पसरता एका जागी दाटीने आढळल्या, तर तो दोर बाद.

अवजड वाहन रस्त्यावर आणल्यावरही काम संपत नाही. हवेचे ब्रेक असलेल्या ट्रकमधील हवा गेली, की मागच्या चाकांचे ब्रेक स्प्रिंगच्या जोराने आपोआप आवळतात. बाहेरून हवा देऊन किंवा स्प्रिंग बोल्टने आवळून ते सोडवावे लागतात. मागची चाके जमिनीवर ठेवून न्यायचे असेल, तर गिअरबॉक्स व मागची चाके यांना जोडणारा फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही उतरवावा लागतो. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल नीट फिरत नाही आणि मैलोन्‌मैल नुसती चाके फिरून तो जळतो. घाईत ही पायरी टाळल्याने टोचनापेक्षा गिअरबॉक्सचा खर्च मोठा झाल्याची उदाहरणे प्रत्येक नाक्यावर ऐकायला मिळतात.

पुळणीवरील काम : पर्यटनाबरोबर वाढलेला हा प्रकार. ओहोटीला पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरविलेली मोटार ओल्या वाळूचा वरचा टणक थर फुटून रुतते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि ती आणखी खाली जाते. त्यानंतर सगळे गणित भरतीचे. किनाऱ्यावर ‘तिथीची पाऊणपट’ हा ठोकताळा सर्वश्रुत आहे : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. ठिकाणागणिक त्यात फरक पडतो, पण ओढायला किती तास हाती आहेत हे ठरवायला तो पुरेसा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक वर चढते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी चढणारी) भरती असल्याने थोडी सवड मिळते. क्रेन वाळूत उतरविली तर तीही रुतते, म्हणून ती सुरूच्या बनाकडील कठीण जागी ठेवून लांब दोर सोडतात किंवा गावातला ट्रॅक्टर बोलावितात. इंजिनात खारे पाणी शिरले असल्यास ते चालू करून पाहू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा गोड्या पाण्यात गेलेल्या मोटारींनाही हाच नियम लागू होता आणि गॅरेजांसमोर ओढून आणलेल्या वाहनांच्या रांगा लागल्या होत्या.

मोठे अपघात : २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून एस.टी.च्या दोन गाड्यांसह वाहने वाहून गेली, तेव्हा क्रेनला लोहचुंबक टांगून नदीचा तळ चाचपण्यात आला. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. तेथे गिर्यारोहकांनी दोरांच्या साहाय्याने मृतदेह वर आणले. बसचा सांगाडा काढणे हे नंतरचे, स्वतंत्र काम होते. सप्टेंबर २०२२ मध्ये लांजा तालुक्यातील अंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळून महामार्ग बंद पडला. अशा टँकरला आधी दुसऱ्या टँकरमध्ये गॅस भरून घेतल्याशिवाय हात लावायचा नसतो. वाहतूक खोळंबलेली असते, ‘एकदाचा बाजूला ओढा’ असा चहूकडून तगादा असतो, आणि तो न ऐकता थांबून राहणे हाच क्रेनचालकाच्या कामाचा सर्वांत कठीण भाग. साधनांची चर्चा पुष्कळ होते. या संयमाची क्वचितच.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२७ नुसार वाहतुकीला धोका ठरणारे वाहन टोचन सेवेमार्फत हलविण्याचा अधिकार पोलिसांना आहे आणि त्याचा खर्च वाहनमालकावर पडतो. १९८९ च्या रस्ता नियमांनी दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे आणि वेग ताशी २४ किमी.पेक्षा जास्त नसावा, असे घालून दिले होते. ओढल्या जाणाऱ्या वाहनाची पुढची चाके अधांतरी नसतील, तर स्टिअरिंगवर परवानाधारक व्यक्ती हवी, हेही त्यांतच होते. या नियमांची जागा २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी घेतली. व्यवहारात घाटातला वेग वळणेच ठरवितात.

महत्त्व : एक आडवा ट्रक कुंभार्ली किंवा आंबा घाट अडवतो, तेव्हा त्यामागे रुग्णवाहिका, एस.टी., बर्फ वितळत चाललेली मासळीची गाडी आणि एप्रिल-मे महिन्यांत वाशी बाजाराकडे निघालेल्या आंब्याच्या पेट्या असतात. गणेशोत्सवात चाकरमान्यांची गर्दी लक्षात घेऊन अवजड वाहनांवर बंदी घालतात आणि महामार्गावर ठिकठिकाणी क्रेन तैनात ठेवतात. क्रेनवाल्यांच्या घरचा गणपती बहुधा घरातल्या इतरांच्या भरवशावर बसतो.

मोबदला अंतर, वाहनाचे वजन आणि घाटात लागणारा वेळ यांवर ठरतो. रात्रीचा दर वेगळा, आणि तो ठरविताना घासाघीस होतेच. दरीतल्या कामात वाहनमालक, विमा कंपनीचा सर्वेक्षक आणि पोलीस यांच्या संमतीची वाट पाहण्यात जातो तो वेळ सहसा कोणी मोजून देत नाही. यंत्र बहुधा कर्जावर घेतलेले असते. मदतनीस पोरगा गॅरेजमध्येच तयार होतो. जखमींना मदत करणाऱ्यास २०१९ च्या सुधारणेने (कलम १३४-अ) संरक्षण मिळाले आहे. घाटात बहुतेकदा पहिला पोचणारा क्रेनवालाच असल्याने ही तरतूद त्याच्या विशेष उपयोगाची आहे.

अलीकडे इलेक्ट्रिक व ऑटोमॅटिक मोटारींमुळे फ्लॅटबेड गाड्यांची (अख्खी मोटार सपाट पाटावर चढवून नेणाऱ्या ट्रकांची) मागणी वाढली आहे. इलेक्ट्रिक मोटारीची चाके जमिनीवर फिरत राहिली, तर मोटर वीज निर्माण करू लागते आणि बिघाड होतो. सपाटीला हे सोयीचे असले, तरी लांब फ्लॅटबेड वरंधा किंवा आंबेनळीच्या आवळ वळणांवर एका दमात वळत नाही. त्यामुळे तेथे मोटारीच्या मागच्या चाकांखाली छोटी चाकगाडी सरकवून जुन्या ट्रकनेच ती पायथ्यापर्यंत आणतात व पायथ्याशी फ्लॅटबेडवर चढवितात.