पैलवानकी सुटणे

आखाडा सुटल्यावर मल्लाच्या मनाची आणि ओळखीची जी ओढाताण होते, तिला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या मराठीभाषक सीमाभागात वेगळे नाव नाही. ‘कुस्ती सुटली’ एवढेच म्हणतात. क्रीडामानसशास्त्रात हा विषय ‘खेळाडू म्हणून ओळख’ या संकल्पनेत मोडतो. माणूस स्वतःला कितपत फक्त खेळाडूच समजतो, हे मोजणारी प्रश्नावली ब्रिटन ब्रुअर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. ही ओळख सरावात बळ देते. पण तिच्याशिवाय दुसरी ओळख नसेल तर निवृत्ती जड जाते, आणि दुखापतीने खेळ सुटला तर अधिकच.

तालमीत ही ओळख फार लवकर घट्ट होते. पोरगा कोवळ्या वयात लाल मातीत उतरतो. पहाटेचे जोर-बैठका, लढती, खुराक, ब्रह्मचर्य, झोप, सगळे वस्तादांच्या शब्दावर. सीमाभागातल्या अनेकांनी त्यासाठी कोल्हापूरची तालीम गाठली. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, पण नावारूपाला आले कोल्हापुरात.

सुटण्याला मात्र मुहूर्त नसतो. गुडघा जातो, घरच्यांना खुराक झेपेनासा होतो, लग्न ठरते. जोर थांबतात, भूक तीच राहते, अंग सुटते. मग झोप उडणे, चिडचिड, कुणात न मिसळणे, काहींच्या बाबतीत दारू. जत्रेच्या मैदानाकडे पाय न वळणे हेही त्यातलेच, फक्त घरच्यांना ते कामाचा व्याप वाटते.

‘माजी पैलवान’ असे इथे कोणी हाक मारत नाही. कुस्तीत कान मोडलेला माणूस साठीतही बाजारात, सोयऱ्यांत पैलवानच. हा मोठा मान आहे, आणि अडचणही तीच: मन खचले म्हणावे तर त्या हाकेला बट्टा लागतो. त्यामुळे गुडघ्यासाठी डॉक्टर गाठले जातात, मनासाठी नाही.

धारवाडला जुने मानसिक आरोग्य रुग्णालय (आता डिम्हान्स) आहे. २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरही बोलता येते. कर्नाटक सरकार माजी कुस्तीगिरांना मासाशन देते. त्याने खर्चाला हातभार लागतो, रिकाम्या पहाटेचे काही होत नाही. ती भरते पोरांना डाव शिकवण्याने किंवा मैदानात पंच म्हणून उभे राहण्याने. पण एका तालमीला वस्ताद लागतो एकच.