लाईट आली, हे व्हॉल्व्हला कोण सांगणार?

जालन्याकडं मोसंबीच्या बागेत ठिबकच्या व्हॉल्व्हला रेडिओ बसवायचा म्हटलं, की खरी अडचण येते ती ऐकण्याची. ओलाव्याच्या सेन्सरचं सोपं आहे. तासाला एकदा उठायचं, आकडा पाठवायचा, झोपायचं. वेळ त्याची त्यानं ठरवलेली. व्हॉल्व्हला मात्र थ्री फेज लाईट रात्री दोनला येणार की पहाटे चारला, हे माहीत नसतं. मोटर सुरू झाली की स्टार्टरच्या पेटीतून हुकूम निघणार आणि नेमका तेव्हा रिसीव्हर चालू हवा.

नेहमीचा रिसीव्हर चालू ठेवला, तर समोरून काही येवो न येवो, तो साधारण 30 मिलिवॅट खातो. छोट्या सोलर पट्टीवर भरलेला 1 फॅरडचा सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा भाग) 3.3 व्होल्टवरून 2 व्होल्टपर्यंत उतरेतो साडेतीन ज्यूलही देत नाही. म्हणजे दोन मिनिटांच्या आत खेळ खल्लास. अधूनमधून उठून कानोसा घेतला तर वीज वाचते, पण हुकूम उशिरा पोचतो.

यावरचा उतारा म्हणजे वेक-अप रिसीव्हर. नेहमीच्या रिसीव्हरमध्ये वीज जाते ती मुख्यतः अॅम्प्लिफायर (क्षीण लहर मोठी करणारा) आणि ऑसिलेटरमध्ये (स्वतःची लहर तयार करणारा). इथं दोन्हींना फाटा दिलेला असतो. हुकूम येतो तो लहर चालू-बंद करून. अँटेनातून आलेली लहर डायोड एकाच दिशेनं जाऊ देतो, कपॅसिटर तिचे वेगवान हेलकावे पुसतो, उरतो फक्त चढउतार. कंपॅरेटर त्यातून शून्य आणि एक काढतो. ते आकडे आपल्याच व्हॉल्व्हच्या पत्त्याचे असतील तरच मुख्य रेडिओ उठतो, हुकूम वाचतो आणि लॅचिंग व्हॉल्व्हला एक झटका देतो. असा व्हॉल्व्ह उघडा राहायला वीज मागत नाही. ऐकण्याचा खर्च 10 मायक्रोवॅट धरला, तर त्याच सुपरकपॅसिटरवर जवळपास चार दिवस निघतात. सलग आभाळ आलं तरी.

ही काटकसर फुकट मात्र नाही. अॅम्प्लिफायर नसल्यामुळं क्षीण लहर डायोडला जाणवतच नाही. लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ, मोकळ्या रानात काही किलोमीटरवरून ऐकतो. साधा डायोडवाला शंभर मीटरच्या आतच थकतो, त्यात मध्ये झाडांची ओली पानं. पत्त्याची खातरजमा ढिली ठेवली, तर गोंगाटानंच मुख्य रेडिओ उठतो आणि वाचवलेली वीज जाते.

वायफायसाठी अशाच वेक-अप रिसीव्हरचं 802.11बीए हे मानक 2021 मध्ये मंजूर झालं; त्याचं लक्ष्य 1 मिलिवॅटच्या खाली राहण्याचं. घरातल्या उपकरणांना ते ठीक, पण सुपरकपॅसिटरवरच्या व्हॉल्व्हला तेही जडच. माझ्या मते रानात याची सुरुवात विहिरीजवळच्या व्हॉल्व्हपासून करावी आणि लांबच्या पट्ट्यात तूर्त ठरावीक वेळी उठणारा लोराच ठेवावा.