मुक्तांगण विज्ञान शोधिका

पुण्यातील आयुका, म्हणजेच आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, या संशोधन संस्थेचे शाळकरी मुलांसाठीचे विज्ञान केंद्र. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात ते आहे. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्याच्या इमारतीला ‘पुलस्त्य’ म्हणतात. हे सप्तर्षींतील एका ताऱ्याचे नाव. त्यात दडलेले ‘पुल’ मराठी माणसाला वेगळे दाखवावे लागत नाहीत.

आयुकाची स्थापना १९८८ ची. संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी मुलांना आवाराबाहेर ठेवले नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. उन्हाळी सुटीत निवडक विद्यार्थी आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करू लागले. पण नारळीकरांची खरी युक्ती पोस्टकार्डाची. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलाला ते सांगत, एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यासाठी पुण्याला येण्याची गरज नव्हती, इंग्रजी येण्याचीही नव्हती. प्रश्न मात्र पडायला हवा होता. विज्ञानप्रसाराच्या कार्याबद्दल त्यांना १९९६ चा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला.

आवारात फुकोचा लंबकही आहे. त्याच्या झोक्याची दिशा संथपणे सरकते, कारण खालची पृथ्वी फिरते. ध्रुवावर ही फेरी साधारण एका दिवसात पुरी झाली असती. पुण्याच्या सुमारे साडेअठरा अंश अक्षांशावर तिला पंचाहत्तर तासांच्या आसपास लागतात, म्हणजे तासाला जेमतेम पावणेपाच अंश. घाईत आलेल्या सहलीला तो नुसता झुलताना दिसतो.

शोधिकेला तिचे वेगळेपण दिले ते अरविंद गुप्ता यांनी. बरेलीचे गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून विद्युत अभियंता झाले आणि १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काही काळ रमले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांना प्रयोगशाळा सापडली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून चौकोन केला तर तो लगेच कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनीच कळते. २००३ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी शोधिकेत अशी शेकडो खेळणी केली.

त्यांतली मोटर बहुधा सर्वांत गाजलेली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, रबराची पट्टी आणि इनॅमलचा वीजरोधक लेप असलेल्या तारेचे वेटोळे. सारी मेख तारेच्या टोकांत आहे. एका टोकाचे इनॅमल सगळ्या बाजूंनी खरवडायचे, दुसऱ्याचे तीनच बाजूंनी. उरलेल्या बाजूवर प्रवाह तुटतो, वेटोळे मिळालेल्या वेगाने पुढे जाते आणि पुन्हा धक्का खाते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर ते नुसतेच मागेपुढे डुलते. ही चूक बहुतेक मुले पहिल्यांदा करतात, आणि दिशापरिवर्तक (कम्युटेटर), म्हणजे मोटरमधला प्रवाह वेळेवर तोडणारा किंवा उलटवणारा भाग, कशाला लागतो ते नेमके तिथेच समजते.

शोधिका शहरात असल्याचा लाभ साहजिकच पुण्याच्या शाळांना अधिक. ही कसर खेळण्यांच्या छोट्या चित्रफितींनी बरीच भरून काढली. त्या मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य आहेत. २०१४ मध्ये गुप्ता शोधिकेतून निवृत्त झाले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, आयुकाचे दार सर्वांसाठी उघडे ठेवण्याची प्रथा आहे.