शराश्का

सोव्हिएट संघातील तुरुंगवजा संशोधन संस्था किंवा डिझाइन ब्यूरो. गुप्त पोलिसांनी अटक केलेले शास्त्रज्ञ, अभियंते व तंत्रज्ञ येथे पहाऱ्यात राहून विमाने, एंजिने, तोफा, अग्निबाण, संदेशवहनाची उपकरणे यांवर काम करीत. सरकारी कागदपत्रांत ‘विशेष तांत्रिक ब्यूरो’, ‘विशेष तुरुंग’ अशी नावे येतात. शराश्का किंवा शरागा हे कैद्यांच्या बोलीतले नाव. विमानांचे अभिकल्पक (डिझायनर) आंद्रेई तुपोलेव्ह (१८८८–१९७२), निकोलाई पोलिकार्पोव्ह (१८९२–१९४४), तसेच अग्निबाण-अभियंते सेर्गेई कोरोलेव्ह (१९०७–६६) आणि व्हालेंतिन ग्लुश्को (१९०८–८९) यांच्या कारकिर्दीतील काही वर्षे अशा ठिकाणी गेली. रशियाबाहेर ही संज्ञा मुख्यतः रशियन लेखक सोल्झेनित्सिन यांच्या ‘पहिले वर्तुळ’ या कादंबरीमुळे पोहोचली. तिच्यातील मॉस्कोच्या मार्फिनोचा तुरुंग हे मात्र या पद्धतीचे उत्तरकालीन रूप आहे. त्यावरून सर्वच शराश्कांचे चित्र रंगवण्याची प्रथा पडली आहे, ती फारशी बरोबर नाही.

या पद्धतीचा आरंभ केव्हा मानावा याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती लावरेन्ती बेरिया यांची निर्मिती होय. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते गृहखात्याचे, म्हणजे एनकेव्हीडीचे, प्रमुख झाले आणि लगेच जानेवारी १९३९ मध्ये या खात्यात विशेष तांत्रिक ब्यूरो स्थापन झाला. दुसरे मत आरंभ जवळजवळ दहा वर्षे मागे नेते. १९२८ च्या शाख्ती खटल्यापासून ‘घातपाती’ ठरवून अभियंत्यांची धरपकड सुरू झाली होती. १५ मे १९३० रोजी अर्थव्यवस्था परिषदेचे प्रमुख कुइबिशेव्ह व गुप्त पोलिसांचे उपप्रमुख यागोदा यांच्या सहीने एक परिपत्रक निघाले. घातपाताबद्दल शिक्षा झालेल्या तज्ञांचा उत्पादनात उपयोग कसा करावा, हा त्याचा विषय. काही लेखक हेच परिपत्रक शराश्कांचे जन्मपत्र मानतात. पण पोलिकार्पोव्ह आणि समुद्री विमानांचे अभिकल्पक द्मित्री ग्रिगोरोविच (१८८३–१९३८) यांनी कैदेत आखलेल्या आय-५ या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण २९ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे परिपत्रकाच्या आधीच, झाले होते. तेव्हा परिपत्रकाने प्रथा सुरू केली असे म्हणता येत नाही. आधीच चालू असलेल्या व्यवहाराला त्याने कागदोपत्री रूप दिले, हे अधिक संभवनीय दिसते.

पोलिकार्पोव्ह यांना ऑक्टोबर १९२९ मध्ये अटक झाली. डिसेंबरात त्यांना मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात आणून तेथेच ड्रॉइंग बोर्ड मांडून दिले. पुढे सर्व मंडळी विमान कारखाना क्र. ३९ च्या आवारात हलवण्यात आली. आय-५ च्या पहिल्या नमुन्याला व्हीटी-११ असे नाव होते. त्यातील आद्याक्षरे ‘अंतर्गत तुरुंग’ या रशियन शब्दांची असून ती विमानाच्या शेपटीवर लाल ताऱ्यात रंगवलेली होती. अटकेपासून उड्डाणापर्यंतचा अवघ्या सहा-सात महिन्यांचा काळ हा कैदेतील कार्यक्षमतेचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण पोलिकार्पोव्ह अटकेपूर्वी आय-६ या त्याच प्रकारच्या विमानावर काम करीत होते आणि आय-५ ची मूळ जबाबदारी तुपोलेव्ह यांच्या कार्यालयाकडे होती. म्हणजे पाटी कोरी नव्हती. मार्च १९३१ मध्ये पोलिकार्पोव्ह यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्याच उन्हाळ्यात च्कालोव्ह व अनिसिमोव्ह या वैमानिकांनी स्टालिन यांच्यासमोर विमान उडवून दाखवल्यावर सुटका झाली. सुमारे आठशे आय-५ विमाने बांधली गेली.

याच पहिल्या लाटेतील दुसरे प्रकरण उष्णता-अभियंता लिओनिद राम्झिन (१८८७–१९४८) यांचे. १९३० च्या ‘औद्योगिक पक्ष’ खटल्यात ते मुख्य आरोपी होते. मृत्युदंड बदलून दहा वर्षांची कैद झाली आणि कैदेत असतानाच त्यांनी एकसरी प्रवाहाचा बाष्पित्र (बॉयलर) विकसित केला. नेहमीच्या बाष्पित्रात वाफ वेगळी करण्यासाठी मोठा दंडगोल लागतो. राम्झिन यांच्या रचनेत पाणी नळ्यांच्या एका टोकातून शिरते व दुसऱ्या टोकातून वाफ होऊन निघते. जड दंडगोलाची गरज संपल्याने पोलाद वाचते आणि उच्च दाब वापरता येतो. असा पहिला मोठा बाष्पित्र १९३३ च्या अखेरीस मॉस्कोत चालू झाला. १९३६ मध्ये राम्झिन यांना माफी मिळाली आणि १९४३ मध्ये स्टालिन पारितोषिक. ज्या खटल्यात ते आरोपी होते तो खटला मात्र खराच होता, असे सरकार पुढेही म्हणत राहिले.

त्यानंतर काही वर्षे ही पद्धत मंदावली. १९३७–३८ च्या महाशुद्धीत, म्हणजे स्टालिन यांच्या मोठ्या धरपकडीत व हत्यासत्रात, ती पुन्हा उभी राहिली, आणि या दुसऱ्या लाटेशी लाल सेनेच्या सेनानींचे भवितव्य जोडलेले आहे. मॉस्कोतील अग्निबाण संशोधन संस्था १९३३ मध्ये मार्शल मिखाईल तुखाचेव्हस्की यांच्या पुढाकाराने स्थापन झाली होती. जून १९३७ मध्ये तुखाचेव्हस्कींना गोळ्या घातल्या गेल्यावर त्यांचे पाठबळ हाच संस्थेवरचा डाग ठरला. संस्थेचे प्रमुख इव्हान क्लेइम्योनोव्ह व मुख्य अभियंता गेओर्गी लांगेमाक या दोन्ही लष्करी अभियंत्यांना जानेवारी १९३८ मध्ये ठार करण्यात आले. मार्चमध्ये ग्लुश्को आणि जूनमध्ये कोरोलेव्ह पकडले गेले. कात्युशा या प्रसिद्ध अग्निबाण-तोफेचे श्रेय १९४१ मध्ये आंद्रेई कोस्तिकोव्ह यांना मिळाले. लांगेमाक व त्यांच्या काही सहकाऱ्यांना त्याबद्दलचा सन्मान १९९१ मध्ये मरणोत्तर देण्यात आला. अटकांमागे कोस्तिकोव्ह यांच्या तक्रारी होत्या का, यावर रशियात बराच वाद झाला आहे. त्यांनी संस्थेतील वरिष्ठांविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, हे सहसा मान्य केले जाते. परंतु तुखाचेव्हस्कींशी संबंध हेच कारण पुरेसे होते, असे मानणारा पक्ष अधिक सबळ वाटतो.

तुपोलेव्ह यांना २१ ऑक्टोबर १९३७ रोजी अटक झाली. मॉस्कोजवळच्या बोल्शेव्हो येथे त्यांना आणल्यावर कामाच्या तज्ञांची यादी करायला सांगण्यात आली. नाव लिहावे तर बाहेर असलेला माणूस आत येण्याची भीती. न लिहावे तर आधीच पकडलेला श्रमछावणीत मरण्याची. म्हणून अटक झाल्याचे ठाऊक होते त्यांचीच नावे तुपोलेव्ह यांनी दिली, असे त्यांचे सहकारी लिओनिद केर्बर यांनी लिहिले आहे. बोल्शेव्होच्या रानात नव्या विमानाची लाकडी प्रतिकृती उभी केली होती. वरून जाणाऱ्या एका वैमानिकाने ती पाहून विमान कोसळल्याची खबर दिल्याचा किस्साही त्यांच्याच आठवणींत येतो. या आठवणी प्रथम हस्तलिखित रूपात फिरल्या आणि १९७१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे दुसऱ्याच नावाने छापल्या गेल्या. तुपोलेव्हच्या शराश्काविषयी जे सर्वत्र सांगितले जाते त्याचा फार मोठा भाग या एकाच साधनावर उभा आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

पुढे हा गट मॉस्कोतील रादिओ रस्त्यावर नेण्यात आला. ज्या इमारतीत तुपोलेव्ह पूर्वी साहेब म्हणून बसत, तिच्याच वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना गज बसवून ती ‘सेकेबे-२९’, म्हणजे केंद्रीय डिझाइन ब्यूरो क्र. २९, झाली. कैदी मोठ्या दालनांत खाटांवर झोपत. जेवण छावणीच्या मानाने चैनीचे होते. लोणी आणि सिगारेटीही मिळत. फिरण्यासाठी गच्चीवर गजांचा पिंजरा होता, त्याला कैदी माकडघर म्हणत. आराखड्यांवर सही करायला बंदी होती. सहीऐवजी क्रमांकाचा शिक्का मारावा लागे. दिवसा बाहेरून येणारे स्वतंत्र अभियंते शेजारी बसून काम करीत आणि संध्याकाळी घरी जात. प्रकल्पांचे क्रमांक १०० पासून सुरू होतात, कारण ‘विशेष तांत्रिक विभाग’ या नावाची रशियन आद्याक्षरे मिळून ‘स्तो’, म्हणजे शंभर, होते. व्लादिमीर पेत्ल्याकोव्ह (१८९१–१९४२) यांच्याकडे १००, मायसिश्चेव्ह यांच्याकडे १०२, तुपोलेव्ह यांच्याकडे १०३ आणि तोमाशेव्हिच यांच्याकडे ११० हा प्रकल्प होता.

यांपैकी पहिला सर्वांत फळला. उंचावर उडणारे लढाऊ विमान म्हणून आखलेले ‘१००’ डिसेंबर १९३९ मध्ये उडाले. १ मे १९४० च्या संचलनात ते लाल चौकावरून गेले, तेव्हा त्याचे कर्ते गच्चीच्या पिंजऱ्यातून पाहत होते. लगेच हुकूम आला की त्याचे सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान करा, आणि सुमारे दीड महिन्यात तसा आराखडा तयार झाला. हेच पीई-२. अशी अकरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. पेत्ल्याकोव्ह १९४० मध्ये सुटले. १२ जानेवारी १९४२ रोजी आरझामासजवळ पीई-२ च्याच अपघातात त्यांचा मृत्यू झाला. १०३ चे उड्डाण २९ जानेवारी १९४१ रोजी झाले व त्यातून टीयू-२ हे बॉम्बफेकी विमान निघाले. बेरियांना चार एंजिनांचे सूर मारणारे विमान हवे होते आणि दोन एंजिनांचा आग्रह तुपोलेव्ह यांनी कैदेत असूनही तडीस नेला, असे सांगतात. युद्ध सुरू झाल्यावर जुलै १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली आणि कार्यालय सायबीरियात ओम्स्कला हलले. तेथे टीयू-२ चे उत्पादन जेमतेम सुरू होते न होते तोच कारखाना लढाऊ विमानांसाठी काढून घेण्यात आला आणि टीयू-२ चे उत्पादन १९४३ पर्यंत थांबले. १०२ व ११० हे प्रकल्प नमुन्यापुढे गेले नाहीत.

कोरोलेव्ह यांचा मार्ग वेगळा होता. सप्टेंबर १९३८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा होऊन ते अतिपूर्वेकडील कोलिमा या छावण्यांच्या प्रदेशातील माल्द्याक या सोन्याच्या खाणीवर गेले आणि तेथे स्कर्व्हीने त्यांचे दात पडले. फेरसुनावणीसाठी परत बोलावल्यावर मागादान बंदरात त्यांची बोट चुकली. ती डिसेंबर १९३९ मध्ये जपानजवळ शेकडो कैद्यांसह बुडालेली इंदिगिर्काच, असे चरित्रांतून येते. तारखा जुळण्यासारख्या आहेत, यापलीकडे ठाम म्हणणे धाडसाचे. जुलै १९४० मध्ये शिक्षा आठ वर्षांवर आली आणि सप्टेंबरात ते तुपोलेव्हच्या गटात दाखल झाले. चौकशीत मारहाणीने त्यांचा जबडा मोडला होता व त्यामुळेच १९६६ च्या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घालणे अवघड गेले, हे विधान वारंवार केले जाते. मारहाण झाली याबद्दल शंका नाही. मृत्यूशी जोडलेली कारणसाखळी मात्र आठवणींवर आधारलेली आहे.

नोव्हेंबर १९४२ पासून कोरोलेव्ह कझान येथे होते. तेथील एंजिन कारखान्यात ग्लुश्को कैदी असूनही मुख्य अभिकल्पक होते आणि कोरोलेव्ह त्यांच्या हाताखाली. ग्लुश्को यांचे आरडी-१ हे ३०० किलोग्रॅम रेटा देणारे द्रवइंधन एंजिन पीई-२ च्या शेपटीत बसवून १९४३ मध्ये उड्डाणे झाली व कोरोलेव्ह स्वतः त्यांत बसले. जुलै १९४४ मध्ये बेरियांनी सुटकेसाठी सुचवलेल्या ३५ जणांत दोघांची नावे होती. पुढच्याच वर्षी दोघेही व्ही-२ या जर्मन अग्निबाणाचा अभ्यास करायला जर्मनीत गेले, तेही लाल सेनेच्या गणवेशात. कोरोलेव्ह लेफ्टनंट कर्नल म्हणून आणि ग्लुश्को कर्नल म्हणून. साठच्या दशकातील या दोघांच्या बेबनावाचे मूळ १९३८ च्या चौकशीतील जबान्यांत शोधण्याचा मोह अनेकांना होतो. छळ करून घेतलेल्या त्या जबान्यांपेक्षा केरोसीन-ऑक्सिजन की हायड्रॅझीन वर्गातील इंधने, हा चंद्रयानासाठीच्या एन-१ अग्निबाणावरचा तांत्रिक वादच निर्णायक दिसतो.

विमानांच्या मानाने इतर शाखांतील शराश्कांची माहिती त्रोटक आहे. लेनिनग्राडच्या क्रेस्ती तुरुंगात तोफांचे काम चाले, तर मॉस्कोजवळच्या तुशिनो येथे चारोम्स्की यांच्या हाताखाली विमानांसाठी डीझेल एंजिनांचे. वाद्यनिर्माता म्हणून ख्यातनाम असलेले लेव्ह तेर्मेन (१८९६–१९९३) कोलिमाहून तुपोलेव्हच्या गटात आणि नंतर श्रवणयंत्रणांच्या कामावर आले. १९४५ मध्ये अमेरिकन राजदूताला भेट दिलेल्या लाकडी राजमुद्रेत त्यांनी केलेले विजेरीविना चालणारे छुपे श्रवणयंत्र होते. ते १९५२ पर्यंत सापडले नाही. मार्फिनो येथे युद्धानंतर जुन्या धर्मविद्यालयाच्या इमारतीत गुप्त दूरध्वनीचे काम चाले. सोल्झेनित्सिन १९४७ ते १९५० तेथे होते. उरल भागातील सुंगुल येथे आनुवंशिकीतज्ञ निकोलाई तिमोफेयेव्ह-रेसोव्हस्की (१९००–८१) यांनी किरणोत्सर्गाच्या जैव परिणामांचा विभाग चालवला. छावणीतून आणले तेव्हा पेलाग्रा या जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने ते मरणाच्या दारी होते व दृष्टी कायमची अधू झाली होती.

शराश्का हा नियम नव्हता, अपवादच होता. ज्यांच्या ज्ञानाचा शस्त्रांशी थेट संबंध नव्हता त्यांना हा दरवाजा सहसा उघडला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाई वाव्हिलोव्ह जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात खंगून मेले. भौतिकीविज्ञ लेव्ह लांदाऊ वर्षभराच्या कैदेनंतर १९३९ मध्ये सुटले ते भौतिकीविज्ञ कापित्सा यांनी वैयक्तिक हमी घेतल्यामुळे. रोकोसोव्हस्की यांच्यासारख्या सेनानींसाठी अशी मधली जागाच नव्हती. ते १९४० मध्ये कैदेतून थेट पथकाच्या नेतृत्वावर परतले.

१९५३ मध्ये स्टालिन यांच्या मृत्यूनंतर आणि बेरियांच्या पाडावाबरोबर ही व्यवस्था मोडीत निघाली. मार्फिनोसारखी ठिकाणे नेहमीच्या संस्था म्हणून चालू राहिली. शिक्षा रद्द होणे ही निराळी प्रक्रिया होती आणि ती संथ होती. तुपोलेव्ह १९५५ मध्ये निर्दोष ठरले, पोलिकार्पोव्ह १९५६ मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी. कोरोलेव्ह यांचा निकाल एप्रिल १९५७ मध्ये लागला, तोवर पहिल्या उपग्रहाची तयारी चालू झाली होती. तिमोफेयेव्ह-रेसोव्हस्की यांच्या बाबतीत १९९२ साल उजाडावे लागले.