मुंग्या की झिगझॅग: व्हिज्युअल स्नो आणि मायग्रेनचा ऑरा

डोळ्यासमोर काहीतरी चमकतंय असं घरी सांगितलं की ठरलेली उत्तरं येतात, नंबर वाढला असेल, मोबाईल कमी कर, आणि हमखास म्हणजे पित्त झालंय. मग चष्म्याच्या दुकानात नंबर तोच निघतो, डोळ्यांचे डॉक्टर ड्रॉप टाकून डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) बघतात आणि म्हणतात सगळं नॉर्मल आहे, आणि माणूस रात्री गूगल करत बसतो. तिथे दोन नावं भेटतात, मायग्रेन ऑरा (अर्धशिशीतला, थोडा वेळ दिसून जाणारा चमचमाट) आणि व्हिज्युअल स्नो (नजरेवर सतत दिसणाऱ्या मुंग्या), आणि लक्षणं वाचत गेलं की दोन्ही आपल्यालाच आहेत असं वाटायला लागतं.

मला व्हिज्युअल स्नो आहे आणि माझ्या मावसबहिणीला ऑरा येतो, त्यामुळे आमच्याकडे ही गल्लत कायमची. मावशी दोघांना मिळून एकदाच विचारते, "काय रे, तुमचं ते डोळ्यांचं कसं आहे?"

आधी ऑराचं सांगतो. बहीण पुण्यात स्वारगेटला बसची वाट बघत होती आणि समोर आलेल्या बसच्या नंबरातला मधला आकडाच दिसेना, आजूबाजूचे दिसतायत आणि मधला गायब. डोळे चोळले तरी तेच. मग त्या गायब जागेच्या कडेला एक चमचमती वेडीवाकडी टोकदार रेघ उमटली, ती हळूहळू अर्धगोल होत मोठी झाली, बाहेर बाहेर सरकत गेली आणि अर्ध्या तासाच्या आत नजरेच्या कडेवरून निघून गेली. त्यानंतर डोकं असं धरलं की विचारू नका. हा अगदी पुस्तकी ऑरा. तो हळूहळू वाढतो, पाच मिनिटं ते तासभर टिकतो आणि जातो. डोकं दुखलंच पाहिजे असंही नाही, काहींना नुसताच ऑरा येतो, आणि घोळ होतो तो अशाच लोकांचा, कारण डोकं दुखत नाही म्हणजे अर्धशिशी नाही असं सगळे धरून चालतात.

हे डोळ्यात होत नाही, मेंदूत होतं. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसण्याचं काम चालतं, तिथे पेशींच्या हालचालीची एक लाट पसरते आणि ती गेली की मागे त्या पेशी काही वेळ गप्प पडतात. कार्ल लॅश्ली नावाच्या शास्त्रज्ञाला स्वतःला ऑरा यायचा, त्याने तो सरकताना कागदावर काढून ठेवला आणि १९४१ मध्ये हिशोब मांडला की मेंदूत जे काही चाललंय ते मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने सरकतंय. १९४४ मध्ये लिआओ या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूत तशीच संथ लाट दाखवली. इतकी संथ, म्हणून तर ती रेघ आरामात सरकते.

आता माझं. जुन्या टीव्हीला अँटेना हलला की मुंग्या यायच्या ना, तशा मुंग्या सगळ्या नजरेवर, सगळीकडे, सतत. सकाळी उठल्यावर आहेत, जेवताना आहेत, हे टाईप करताना पण आहेत. पांढऱ्या भिंतीवर आणि अंधुक उजेडात जास्त जाणवतात, कात्रजच्या बोगद्यात शिरलं की नुसता कल्लोळ. वाचता येतं, काम करता येतं, कुठलाही तुकडा गायब होत नाही, काहीही सरकत जात नाही.

पण नुसत्या मुंग्यांवर व्हिज्युअल स्नो सिंड्रोम म्हणत नाहीत. त्या तीन महिन्यांपेक्षा जास्त सलग असायला हव्यात आणि सोबत चारपैकी निदान दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे बघितलेल्या वस्तूची छाप नजर हलवली तरी रेंगाळते, रात्री सिंहगड रोडला समोरून येणाऱ्या गाडीचा लाईट गाडी गेल्यावरही माझ्यासमोर असतो. दुसरी म्हणजे डोळ्यातल्याच गोष्टी जास्त दिसणं, तरंगणारे धागे वगैरे, आणि निळ्या आकाशाकडे बघितलं की वळवळणारे चमकते ठिपके, जे खरं तर पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे असतात आणि नीट बघितलं तर धडधाकट माणसालाही दिसतात. बाकी दोन म्हणजे उजेड सहन न होणं आणि रात्री कमी दिसणं. बऱ्याच जणांच्या कानातही सतत आवाज असतो, मला आहे.

गल्लत व्हायला कारणही तसंच आहे. व्हिज्युअल स्नो असलेल्या खूप जणांना मायग्रेनसुद्धा असतो, त्यामुळे आधी डॉक्टर याला न थांबणारा ऑराच समजायचे. २०१४ मध्ये निकष ठरले आणि हे वेगळं प्रकरण आहे हे मान्य झालं, त्याच सुमाराला पीईटी स्कॅनमध्ये (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) मेंदूच्या दृष्टीशी संबंधित एका भागात गरजेपेक्षा जास्त काम चाललेलं दिसलं. म्हणजे हेही मेंदूतच, पण कशामुळे सुरू होतं ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही.

म्हणून डॉक्टरांना काय दिसतं हे सांगण्यात अर्धा तास घालवू नका, चमकतं, ठिपके दिसतात, रेषा दिसतात, हे सगळं दोन्हीकडे बसतं. कधी सुरू झालं, सरकतं का, आणि संपतं का, हे सांगा. सुरुवात आणि शेवट घड्याळात बघून लिहून ठेवा. आणि त्याच वेळी एकेक डोळा झाकून बघा. ऑरा उजव्या बाजूला आला की लोक म्हणतात उजव्या डोळ्याला होतंय, पण डावा डोळा उघडा ठेवला तरी तो उजवीकडेच दिसतो.

एकाच डोळ्यात होत असेल तर मात्र हे दोन्ही विसरा आणि आधी पडदा दाखवा. एका डोळ्यात अचानक विजा चमकल्यासारखं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर पडदा सुटत असू शकतो, मोठ्या मायनस नंबरवाल्यांनी तर जास्तच सांभाळा, त्याच दिवशी जायचं, सोमवारची अपॉइंटमेंट वगैरे नाही. नजर एकदम गेली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला तर सरळ इमर्जन्सी. (आणि ड्रॉप टाकल्यावर स्वतः स्कूटर चालवत घरी यायचं नाही, पुण्यात हे सांगावं लागतं.)

रिपोर्टचं म्हणाल तर पडदा, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन), फील्ड टेस्ट (नजरेच्या आवाक्याची तपासणी), एमआरआय, दोन्हीत बहुतेक वेळा सगळं नॉर्मलच येतं. म्हणजे तुम्ही नाटक करताय असं नाही, आणि तपासण्या फुकट गेल्या असंही नाही, दुसरं काही नाही हे त्यातूनच कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात वर केले की न्यूरोलॉजिस्टकडे जायचं, न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट (डोळे आणि मेंदू यांचं मिळून बघणारे) मिळाले तर उत्तमच.

उपचारात दोघांची वाट वेगळी. ऑरावाल्या मायग्रेनला डोकेदुखीच्या आणि ती येऊ नये म्हणूनच्या गोळ्या आहेत. व्हिज्युअल स्नोला खात्रीचं औषध नाही, लॅमोट्रिजिन या फिट्सवरच्या औषधाने थोड्यांना थोडा फरक पडतो, काहींना रंगीत काचांचा चष्मा बरा वाटतो. पण हे सहसा वाढत जात नाही आणि यामुळे आंधळेपण येत नाही, मला तेवढं कळल्यावरच झोप लागायला लागली. आणि ऑरा येत असेल तर मुलींनो, गायनॅकला आवर्जून सांगा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ऑरावाल्या मायग्रेनमध्ये स्ट्रोकच्या धोक्यामुळे घेऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. बहिणीला हे तिच्या गायनॅकनेच विचारलं, डोळ्यांना काय होतं म्हणून, आणि गोळी बदलून दिली.